हळद लावलेले बोंबील

हळद लावलेले बोंबील लाल झालेले मी आयुष्यात एकदाच पाहिले, तेही स्वयंपाकघरात नव्हे, पोलीस ठाण्यात, माझ्या टेबलावर. तीसेक वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, मंत्र्यांचे बंदोबस्त केले. पण नातवंडांनी गोष्ट मागितली की माझ्या तोंडी आधी ही बोंबलांची केस येते, आणि सांगताना अजून हसू येते. नावे कोणाचीच घेणार नाही. माणसे अजून त्याच गल्लीत राहतात आणि मला अजून तिथे जेवायला बोलावतात.

मीरा-भाईंदरच्या समुद्राकडच्या टोकाला असलेल्या ठाण्यात मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. कोर्टाची पार्टी निघाली होती, बंदोबस्ताची वाटणी चालू होती, आणि पहिला चहा अजून यायचा होता. माझा नियम असा की पहिल्या चहाआधी कोणावर रागवायचे नाही, कारण तो राग केसचा नसतो, चहाचा असतो. तेवढ्यात पाली गावातली एक बाई ठाणे अंमलदाराला ओलांडून थेट माझ्या खोलीत आली आणि तिने ॲल्युमिनियमचे पातेले टेबलावर आदळले.

"साहेब, बगा! हलद मी लावली, माज्या हातानं. नि काय झाला बगा!"

पातेल्यात बोंबील होते आणि त्यांना लावलेली हळद विटकरी लाल झाली होती. वास मात्र ताजा होता. आमचे हवालदार बोंबलांचे जातिवंत शौकीन. ते मागून डोकावले आणि त्यांनी खेदाने मान हलवली.

ही बाई म्हणजे आमची मावशी. अख्खी गल्ली तिला मावशीच म्हणे, म्हणून मीही म्हणतो. जुन्या ख्रिस्ती कोळी घरातली, नवरा नाही, एकुलती एक मुलगी, आणि त्या मुलीचे लग्न तोंडावर आलेले. तिच्या अंगणात पणजोबांच्या काळची विहीर होती. प्यायला नळाचे पाणी असले तरी धुणे, भांडी, मासळी सगळे विहिरीवर. गेल्या काही दिवसांत त्या पाण्याला काहीतरी झाले होते. साबण लावला की सुटेना, हात बुळबुळीत राहत, अंगाला खाज सुटे. आणि आज हे बोंबील.

"कोनी केला ते पन मना ठाव हाय," मावशी म्हणाली. "शेजारचा तांडेल. त्यानं माज्या विहिरीन काय तरी टाकला. माज्या पोरीचा लगीन त्याला बघवत न्हाय."

मी विचारले की पाणी बिघडले तर लग्नाला टँकर आणता येईल, एवढे काय? मावशीने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच विहिरीत काहीतरी टाकले होते.

"साहेब, टँकरचा पानी नवरीला चालत न्हाय."

मग तिने मला समजावले. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका लुगडी नेसून, सजवलेल्या कळशा घेऊन, बँड वाजवत विहिरीवर जातात. ते पाणी वाजतगाजत घरी येते आणि त्याने नवरीची आंघोळ होते. मावशीची आंघोळ याच विहिरीच्या पाण्याने झाली होती, तिच्या आईचीही. सांगता सांगता तिचा आवाज फुटला. मगाचचा सगळा तोरा उतरला आणि माझ्यासमोर फक्त मुलीची आई उरली. मलाही मुलगी आहे. मी चहा मागवला आणि तक्रार लिहून घ्यायला सांगितली.

आता हळद लाल का होते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. हळदीत चुना पडला की कुंकू होते. हळदीच्या डागावर साबण पडला की तो लाल होतो. म्हणजे पाण्यात चुना, सोडा, असले काहीतरी क्षाराचे उतरले होते. करणी नव्हे, एवढे पक्के. पण ते टाकले कोणी?

तांडेलाला चौकशीसाठी बोलावले. बोट चालवणाऱ्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. हा साठीचा गडी आता बोटीवर जात नव्हता, पण हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. माझ्यासमोरच्या खुर्चीत तो न विचारता बसला.

"विहिरीत काय टाकलेत?" मी सरळच विचारले.

"साहेब, मना टाकायचा असता तं तिचा तोंड बंद करायचा औषध टाकला असता," तांडेल म्हणाला. "पन तसला औषध अजून निघाला न्हाय."

हवालदारांना हसू आवरेना. ते फाईल शोधायच्या निमित्ताने बाहेर गेले.

मी त्याला उलटसुलट विचारले. जाळी धुवायला सोडा वापरता का? नाही. तिच्या अंगणात शेवटचे कधी गेलात? पोरीच्या फर्स्ट कम्युनियनला, चर्चमधल्या त्या सोहळ्याला, म्हणजे ती चिमुरडी होती तेव्हा. लग्नाचे आमंत्रण आहे? इथे तो खिडकीबाहेर पाहू लागला. माणूस शिवीने दुखावत नाही इतका न आलेल्या आमंत्रणाने दुखावतो. भांडणाचे मूळ दोन्ही घरांना आठवत नव्हते, पण भांडण दोघांनी जपले होते.

पोलिसाने चौकशीत एक गोष्ट करावी. संशयिताला गुन्ह्याबद्दल विचारून झाले की त्याच्या तक्रारीबद्दल विचारावे. गुन्ह्याबद्दल माणूस जपून बोलतो, स्वतःच्या तक्रारीबद्दल बेफाम बोलतो. मी विचारले, "तांडेल, तुमचे तिच्याबद्दल काय म्हणणे आहे?"

बांध फुटला. "तिनं अंगन चोपायला काढलाय, मंडपासाठी! रोज बायका बोलावते, पानी मारते, धपाधपा चोपते. सुकला की लाल धूल उडते नि माज्या बोंबलांवर बसते. वलांडीवर टांगलेला सगला माल लाल! धुतला तरी जात न्हाय. मी बोललो तं बोलते, तुला माजा चांगला बघवत न्हाय."

बांबूच्या ज्या मांडणीवर बोंबील वाळत घालतात तिला वलांडी म्हणतात. पण माझे लक्ष वलांडीकडे नव्हते, धुळीकडे होते. पालीच्या गल्लीत लाल माती आली कुठून? तिथे वाळू, खडक आणि जुनी काळपट माती. मी टोपी उचलली, तांडेलाला जीपमध्ये घेतले आणि निघालो. जीपमध्ये हवालदार आणि त्यांच्या मांडीवर बोंबलांचे पातेले, मुद्देमाल म्हणून.

गल्लीत जीप शिरत नाही, कोपऱ्यावर ठेवून चालत गेलो. तांडेलाला पोलिसांबरोबर बघून मावशीचा चेहरा खुलला. तिने आधी मला अंगण दाखवले. खरोखर देखणे होते. आधीच्या खड्ड्यांवर भराव घालून, पाणी मारून, चोपून सारखे केलेले, गेरू लावल्यासारखे लालबुंद अंगण, मधोमध विहीर. मंडपाचे बांबू उभे राहिले होते. दारात लावलेले केळीचे खांब मात्र बुडापासून करपले होते. आणि चोपणाऱ्या बायका पायरीवर बसून तळवे खाजवत होत्या. तळव्यांना भेगा पडून ते लाल झाले होते.

"कोकनची लाल माती," मावशी अभिमानाने म्हणाली. "मुद्दाम मागवली. गावात कोनाचा अंगन असा न्हाय."

मी म्हणालो, मावशी, एक पेला आणि चिमूटभर हळद द्या. पाणी मात्र तुमच्या विहिरीचे नको. मग कोणाचे? साऱ्यांनी तांडेलाकडे पाहिले. त्याच्या अंगणात त्याची स्वतःची विहीर होती. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला.

आधी त्या पाण्यात हळद टाकली. पिवळी ती पिवळीच. मग दुसऱ्या पेल्यात तेच पाणी घेऊन मूठभर अंगणाची माती ढवळली, गाळ बसू दिला, वरचे पाणी अलगद ओतून घेतले आणि त्यात हळद टाकली. अख्खी गल्ली वाकून बघत होती. हळद लाल झाली.

रोज मारलेले पाणी मातीतून झिरपत मधल्या विहिरीत उतरत होते. विहिरीत काही टाकणारा शेजारी नव्हताच. मावशीने स्वतः, मुलीच्या लग्नाच्या हौसेने, ती माती विहिरीभोवती पसरली होती आणि पाणी घालून घालून तिच्यातला क्षार आत मुरवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मावशी पायरीवर मटकन बसली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"मीच माजी विहीर मारली ओ," ती म्हणाली.

तांडेलाला टोमणा मारायची यापेक्षा चांगली संधी जन्मात मिळाली नसती. पण त्याने ती सोडली. पायाने एक ढेकूळ उडवत म्हणाला, "साहेब, ही माती जेनं विकली तेला धरा."

पंचनामा केला, मातीचे आणि पाण्याचे नमुने पंचांसमोर सीलबंद केले, अंगणावर पाणी मारू नका असे बजावले, आणि प्रदूषणाचे काम पाहणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेला कळवले. तिथून एक तरुण मॅडम आल्या. त्यांनी कागदाची पट्टी विहिरीच्या पाण्यात बुडवली. ती गर्द निळी झाली आणि मॅडमच्या कपाळाला आठी पडली.

"साहेब, ही माती नाहीच," त्या म्हणाल्या. "बॉक्साइट नावाचा दगड असतो. त्यातून अल्युमिना काढतात आणि त्याचे पुढे ॲल्युमिनियम होते, तुमच्या या पातेल्याचे. काढताना दगड कॉस्टिक सोड्यात शिजवतात. अल्युमिना निघाला की मागे हा लाल गाळ उरतो. सोड्याने भरलेला. आणि त्याच्यात आर्सेनिक, क्रोमियम, व्हॅनेडियम अशी विषारी मंडळी थोडीथोडी असतात. दगडात ती गप्प बसून असतात. क्षाराच्या पाण्यात त्यातली काही सुटी होतात आणि पाणी जाईल तिकडे जातात. विहीर, शेत, खाडी, मासे."

"म्हणजे फरारी आरोपी," मी म्हणालो.

"हो, आणि पत्ता न ठेवणारे. म्हणून हा गाळ तळाला अस्तर घातलेल्या तळ्यांत ठेवायचा असतो, नाहीतर सिमेंटसारख्या कामाला नीट प्रक्रिया करून वापरायचा. अंगणात नाही."

हवालदारांनी पातेल्याकडे संशयाने पाहिले. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, पातेल्याचा काही दोष नाही, ते वापरा. बोंबील तेवढे टाकून द्या. हवालदारांनी दुसऱ्यांदा खेदाने मान हलवली.

माती नवघरच्या बाजूच्या एका मातीवाल्या शेठने पुरवली होती. भराव, वाळू, डबर असा त्याचा धंदा आणि खाडीच्या कडेला मोठा वाडगा, म्हणजे माल साठवायची कुंपणाची मोकळी जागा. मी साध्या कपड्यांत गेलो. लाल ढिगारे चांगले दुमजली उंच. डबराच्या कोणत्याही ढिगावर महिन्याभरात रुई उगवते, घाणेरी उगवते. या ढिगांवर गवताची काडी नव्हती. ढिगाचा उतार जिकडे खाडीत जात होता तिकडे तिवरांची, म्हणजे खारफुटीची, एक रांग वाळून काळी पडली होती. चिखलात एरवी खेकड्यांची इतकी बिळे असतात की पाय ठेवायची पंचाईत, पण त्या पट्ट्यात एक बीळ दिसेना. मला राग आला. विहीर एका घराची होती, खाडीवर तर सगळ्या बंदराचे पोट आहे.

शेठने खुर्ची दिली, थंड मागवले. मी ओळख सांगितल्यावर थंड परत पाठवून चहा मागवला.

"साहेब, एकदम प्युअर माल हाय," तो म्हणाला. "कोकणची लाल मिट्टी. लोक गार्डनमध्ये टाकतात, नर्सरीवाले घेऊन जातात. माझ्याकडे कंप्लेंट नाय कधी."

"झाडांना चांगली?"

"एक नंबर!"

आम्ही बसलो होतो त्या ऑफिसच्या दारात कुंड्यांची छान रांग होती. जास्वंद, तुळस, मोगरा. निगा चांगली ठेवलेली. मी आल्यापासून त्याच बघत होतो. चहाचा घोट घेतला आणि विचारले, "शेठ, एवढी एक नंबर माती दारात ढिगाने पडलीय. मग या कुंड्यांत काळी माती कशी?"

शेठचा कप बशीवर वाजला. त्याने कुंड्यांकडे पाहिले, ढिगाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी काही बोललो नाही. चौकशीत सगळ्यांत कठीण काम असते ते गप्प बसणे, आणि मला ते चहा असला की बरे जमते.

"घरवालीने लावल्यात," तो अखेर म्हणाला. "ती बोलली, ही मिट्टी नको, झाडं मरतात."

"म्हणजे तुम्हाला माहीत होते."

चोराच्या मनात चांदणे असतेच, नुसती खिडकी उघडावी लागते. त्यानंतर शेठ बोलत सुटला. एक वाहतूक ठेकेदार लांबच्या अल्युमिना कारखान्यातला हा गाळ योग्य जागी पोचवायचे काम घेई आणि लांबचा फेरा वाचवायला वाटेत त्याच्या वाडग्यात ओती. शेठ त्याला कोकणच्या मातीचे नाव देऊन विके. वाडग्यावर पाळत ठेवून आम्ही ठेकेदाराचा डंपर भर दुपारी, गाळ ओततानाच पकडला. दोघांवर गुन्हा दाखल झाला, वाडगा सील झाला. मॅडमच्या कार्यालयाने हुकूम काढून मावशीच्या अंगणातला आणि खाडीकाठचा सगळा गाळ खरवडून रीतसर जागी न्यायला लावला. ज्यांना ही माती विकली होती ती अंगणे आणि बागा शोधत हवालदार हळदीची पुडी खिशात घालून पार जेसल पार्कच्या वस्तीपर्यंत हिंडले. लोकांना वाटे, पोलीस हळदीकुंकवाला आलेत. खटला पुढे रीतसर चालला, म्हणजे मी निवृत्त झालो तेव्हाही तारखाच पडत होत्या. पण दोघांचा तो धंदा कायमचा बसला.

राहिली विहीर. मॅडमनी स्पष्ट सांगितले की उपसा करत राहा, दर काही दिवसांनी तपासू, पण लग्नापर्यंत हे पाणी अंगावर घ्यायचे नाही. मावशीने मान हलवली. त्या दिवशी ती एकदाही भांडली नाही, आणि मला तेच बघवेना.

लग्नाच्या आदल्या दिवशी मला आमंत्रण होते. मी हवालदारांना घेऊन गेलो. खरवडलेल्या अंगणात जुनी काळपट माती पुन्हा दिसत होती, खड्ड्यांसकट. बायका लुगडी नेसून कळशा घेऊन तयार होत्या, बँडवाले ताटकळले होते आणि जायचे कुठे हे कोणी बोलत नव्हते. मग मावशीने कळशी उचलली आणि चालू लागली. बँड मागे, बायका मागे, आम्ही मागे. ती तांडेलाच्या फाटकाशी थांबली.

तांडेल विहिरीच्या कठड्यावर जाळे विणत बसला होता. सदरा मात्र नवा, इस्त्रीचा. वाट बघत होता हे शेंबड्या पोरालाही कळले असते. त्याने मान वर केली नाही. बँड थांबला.

"पानी पायजे," मावशी म्हणाली.

"कशाला?"

"तुला ठाव हाय कशाला."

"मना कसा ठाव असल? मना आमंत्रन कुटं हाय?"

मावशी फाटकातून आत गेली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माज्या पोरीचा लगीन हाय. तुमी सगल्यांनी यायचा. नि मी तुला पोलिसान पाटवला, ते मना माफ कर."

तांडेलाने जाळे बाजूला ठेवले. "चाय चांगला होता तिकडचा," तो म्हणाला, आणि अख्खी गल्ली हसली. मावशी रडता रडता हसली. माझ्या डोळ्यांतही पाणी आले, ते मी लपवले नाही.

त्याने पोहरा सोडला, स्वतः ओढला आणि पहिली कळशी स्वतःच्या हाताने भरली. मावशी कळशी उचलणार तोच म्हणाला, "थांब. असा कसा नेतेस?" त्याने खिशातून कागदाची पुडी काढली, ओंजळभर पाणी वाटीत घेतले, त्यात चिमूटभर हळद टाकली आणि वाटी माझ्यापुढे धरली. "साहेब, पंचनामा करा."

या केसने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. माणूस मनापासून खरी तक्रार करतो तेव्हाही गुन्हेगाराचे नाव त्याला ठाऊक असतेच असे नाही. तो आपल्या मनातल्या जुन्या भांडणाचे नाव सांगतो, आणि ज्याने खरोखर विष आणले तो आरामात चहा पीत बसलेला असतो. विष लांबच्या कारखान्यातून येते आणि आळ मात्र शेजाऱ्यावर येतो. तेव्हापासून मी कुठलीही फिर्याद घेताना आधी पायाखाली बघू लागलो.

मावशीची विहीर सावरायला खूप महिने लागले. आता तिथे पुन्हा मासळी धुतात, पण त्या घरात आणि तांडेलाच्या घरात आजही मासळीला हळद लावली की दोन्ही अंगणांतून आधी ओरडून विचारतात, "पिवली हाय ना?" खाडीकाठची तिवरे मात्र अजून पुरती परतलेली नाहीत. तिथे अशी हाक मारणारे कोणी नव्हते.

तर त्या दिवशी तांडेलाच्या विहिरीवर मी वाटी हातात घेतली. नवरी दारातून बघत होती. मी वाटी उन्हात धरली, नीट निरखली, आणि नोकरीतला माझा सगळ्यांत छोटा पंचनामा मोठ्याने सांगितला, "पिवळी!"

बँडवाल्यांनी पुढचे काही ऐकलेच नाही, थेट वाजवायला सुरुवात केली.